नक्कल कशासाठी

सिव्हिल लाइन्समधल्या या इमारतीत
वर जिल्हाधिकारी बसतात.
खाली आम्ही :
नझूल, नाझर, निवडणूक, खनिकर्म,
आणि जिन्याखालच्या अंधारात नक्कल शाखा,
जिथे मे महिन्यात
कूलरपेक्षा कूलरचा आवाजच जास्त गार वाटतो.

माझी खुर्ची एकवीस वर्षं डावीकडे कललेली.
तेवढ्यात साहेब झाले सोळा.
प्रत्येकाने आल्या दिवशी वरच्या मजल्यावर
नावांचा लाकडी फलक वाचला
आणि आपल्याखाली किती ओळी शिल्लक आहेत तेही पाहिलं.

सोनटक्के रेकॉर्ड रूममधून बस्ते आणतो,
लाल फडक्यात बांधलेली गावं.
"घ्या मॅडम, काटोल आलं. लय जड आहे बाप्पा!"
आख्खा जिल्हा त्याने डोक्यावरून वाहिलाय,
तहसील तहसील करून,
आणि तो स्वतः अजून हंगामी.

मंगळवारी अंजिराबाई नेवारे आली, उमरेडकडची.
झाडाखालच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतलेला अर्ज,
त्यावर तिरपं चिकटवलेलं तिकीट.
"चिखलाबोडीची नक्कल पायजे जी."
कशाची? सात-बाराची? फेरफाराची?
"बोडीची."

बोडी आता नाही.
तिथे लेआउट पडलाय, प्लॉट एक ते एकशे चौदा,
कमानीवर लिहिलंय सरोवर नगरी.
हे मला माहीत होतं. तिला तर होतंच.

अर्जात एक रकाना असतो : नक्कल कशासाठी.
तो कोरा होता.
"पाहाले," ती म्हणाली.
पाहायला हे कारण चालत नाही, बाई. कोर्टकामी लिहू?
"मले कोर्टात नाही जायाचं."
कर्जाकामी?
"बोडीवर कोन देते जी कर्ज?"
नायब तहसीलदार कोठीकर चष्म्यावरून पाहत म्हणाले,
खाजगी लिहा,
आणि परत टपालात बुडाले.

उद्या या म्हटलं
तर बाकावर बसून राहिली.

मग उमरेडचा बस्ता आला.
वाजिब-उल-अर्ज, मौजा चिखलाबोडी.
पान उलटताना श्वास धरावा लागतो
असा कागद, आणि त्यावर ठाशीव अक्षर :
शिंगाडा ढिवरांनी लावावा.
मासे ढिवरांनी धरावे, चौथा हिस्सा गावास.
चिखल कुंभाराने न विचारता न्यावा.
गुरांची वाट नऊ हात.
आणि समासात, वेगळ्या शाईत,
पाणी मे अखेर पुरते.

हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं.
कोण कारकून असेल हा,
जो पडावावरून उन्हात चालत गेला,
काठावर उभा राहिला,
आणि ज्याला लिहिल्याशिवाय राहवलं नाही?

नियम असा की दिसेल ते सगळं उतरवायचं.
डाग असेल तर 'येथे डाग आहे'.
कसरीने खाल्लं असेल तर तसं.
मी समासही उतरवला.

वाचून दाखवलं तेव्हा ती बोटं मोडत ऐकत होती.
गुरांच्या वाटेशी थांबली.
"नऊ नाही जी, सात. आमच्या बुढ्यानं मोजली होती."
दुरुस्त नाही करता येत, म्हटलं. जे आहे तेच लिहायचं.
थोडा विचार केला तिने.
"मंग राहू द्या. दोन हात जास्तच देल्ले सरकारनं."

फी भरली, पावती पदराच्या गाठीत गेली.
'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शिक्का,
त्याखाली तारखेचा.
तिने कागद उलटा धरला, मग सुलटा.
"आज किती तारीख मारली?"
तेवीस मे.
"आन् ते बाजूचं एकडाव वाचा."
पाणी मे अखेर पुरते.
"म्हणजे हाये अजून," ती म्हणाली,
"आठ रोज."

ती गेल्यावर सोनटक्के फडकं घेऊन उभा.
"बांधू का मॅडम उमरेड?"
थांब जरा, म्हटलं.